इंजिन बदलायचंय? आधी आरसी काढा

"फियाटला ओम्नीचं इंजिन बसतं का हो?"

वर्षातून चार-पाच जण तरी मला हे विचारतात. बसतं. लोखंडाचा मामला आहे. कापलं, भोकं पाडली, वेल्डिंग मारलं की कशातही काहीही बसतं. खरा प्रश्न पुढचा असतो. बसवल्यावर गिअरबॉक्सला ते झेपेल का, ब्रेक पुरतील का, आणि आरसीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओच्या मैदानावर उभी केली की बॉनेट उघडून साहेब काय म्हणतील? इंजिन निवडणं म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरं आधी शोधणं. पण आपल्याकडे इंजिन आधी येतं आणि प्रश्न नंतर.

हा लेख मी प्रीमियर पद्मिनी समोर ठेवून लिहितोय. एक तर माझ्या दारात तीच उभी आहे, १९७९ची, वडिलांनी दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. दुसरं म्हणजे आपल्या भागात कुणी 'आमच्याकडे जुनी गाडी आहे' म्हटलं की ती बहुधा पद्मिनी, ॲम्बॅसडर किंवा जीप असते. रोल्स रॉइसवाल्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कारखाना कुर्ल्याला. फियाट अकराशेचं हे रूप तिथून १९६४पासून निघायला लागलं. आधी डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी. नावं बदलत गेली, पेट्रोल इंजिन मात्र शेवटपर्यंत तेच राहिलं: चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, १०८९ सीसी. आज इंजिन शोधणाऱ्याच्या दृष्टीनं हा या गाडीचा सगळ्यात मोठा गुण आहे. किरकोळ फरक सोडले तर कुठल्याही सालच्या पद्मिनीचं इंजिन कुठल्याही पद्मिनीत जातं. मुंबईच्या टॅक्स्यांमुळे ही इंजिनं हजारोंनी फिरत होती आणि ती बांधणारे हातही होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यानं २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस तिचीही मुदत संपली. तेव्हापासून बाजारात नवा 'जुना माल' येणं जवळजवळ थांबलंय. जे आहे ते आहे, आणि त्यातलं चांगलं कमीच होत जाणार.

इंजिन खरंच गेलंय का?

निम्म्या वेळा गेलेलं नसतं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण माझंच गेलेलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी खंबाटकीच्या चढावर माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्येही धापा टाकायला लागली. आयडलिंगला एक सिलिंडर मध्येच दांडी मारायचा. एका गॅरेजवाल्यानं सायलेन्सरमागे हात धरला, वास घेतला आणि निकाल दिला, "साहेब, इंजिन बसलंय. दुसरं टाका." मी जवळपास तयार झालो होतो. मग आमच्या पेठेतले जुने फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांच्याकडे गाडी नेली. मामांनी चारही प्लग काढले आणि कम्प्रेशन गेज लावला. आकडे आले १२०, ११५, ७० आणि ११८. तिसरा सिलिंडर दोषी, एवढं कळलं. पण दोष वर की खाली? मामांनी तिसऱ्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा सेल्फ मारला. आकडा ७०वरून ७३. म्हणजे हललाच नाही.

ही साधी चाचणी प्रत्येक जुन्या गाडीवाल्यानं समजून घ्यावी. ऑइल टाकल्यावर आकडा चांगला चढला, तर हवा पिस्टनच्या बाजूनं खाली जाते आहे. ऑइलनं ती फट तात्पुरती बुजवली. मग रिंगा, पिस्टन, बोअर, म्हणजे मोठं काम. आकडा चढला नाही, तर हवा वरून जाते आहे: व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. माझ्या गाडीत एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला जळला होता. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह बदलला, सीट घासून घेतली, हेडचं फेसिंग केलं आणि नवं गॅस्केट टाकलं. इंजिन तेच, अजून तेच.

धुराकडेही नीट बघा. उतारावर गिअरमध्येच पाय सोडून खाली या आणि मग पाय द्या. त्या क्षणी निळा धूर भपकन आला, तर बहुधा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. चढावर, जोर लावताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंगा. पांढरी वाफ आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर गॅस्केट किंवा हेडला तडा. काळा धूर कार्बोरेटरचा असतो, त्यासाठी इंजिन बदलणारा माणूस मी अजून पाहिला नाही, पण बदलायला सांगणारे पाहिलेत.

अलीकडे एक नवंच कारण इंजिनाच्या नावावर खपतंय. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यात ताकद थोडी कमी, आणि जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, म्हणून गाडी ओढायला अळंटळं करते. जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायाफ्राम इथेनॉलनं फुगतो नाहीतर तडकतो. इथेनॉल पाणी शोषून घेतं, त्यामुळे महिना-दीड महिना उभी राहिलेली गाडी सुरूच होत नाही. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडून अर्ध्या तासानं आपोआप सुरू होत असेल, तर पेट्रोल पंपातच वाफ धरली असेल. ओलं फडकं पंपावर टाकायची टॅक्सीवाल्यांची युक्ती अजूनही चालते. पाइप बदला, पंपाचं किट टाका, जेट एखादा नंबर वाढवून बघा, रेडिएटर उघडून आतला क्षार काढून घ्या. एवढं करूनही गाडी चढत नसेल, तर पुढचं वाचा.

पहिली पसंती: आहे तेच बांधा

ब्लॉक फुटलेला नसेल आणि क्रँक मोडलेला नसेल, तर सगळ्यात चांगलं 'बदली' इंजिन म्हणजे तुमचंच इंजिन, पुन्हा बांधलेलं. त्याचा नंबर आरसीवर आहे. ते तुमच्या गिअरबॉक्सला, माउंटिंगला, सायलेन्सरला बसतं हे सिद्ध झालेलंच आहे. आणि ते उघडल्यावर आत काय आहे हे तुम्हाला डोळ्यांनी दिसतं.

बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकले की सीसी किंचित वाढते. ६८चा बोअर ६८.६ झाला तर १०८९चे साधारण ११०९ सीसी होतात. त्यानं गाडी पळायला लागेल अशा भ्रमात राहू नका, आणि आरसीचीही चिंता करू नका. ही झीज भरून काढणारी दुरुस्ती आहे. मात्र आधी पिस्टन हातात घ्या, मगच ब्लॉक लेथवर पाठवा. बोअर नेहमी हातातल्या पिस्टनच्या मापानं करायचा असतो. 'करून ठेवतो, पिस्टन मिळतील' म्हणणाऱ्याकडून ब्लॉक परत घ्या. बोअर एकदा मोठा झाला की लहान होत नाही. मग लायनर ठोकावं लागतं.

क्रँक ग्राइंड करायला दिला तर मेन आणि बिग एंड दोन्ही बेअरिंगं त्या अंडरसाइजची मिळतायत ना, हेही आधी बघा. ऑइल पंप बदला, टायमिंग चेन बदला. क्लच प्लेट अर्धी शिल्लक असली तरी नवी टाका. इंजिन खाली आलेलंच आहे, पुन्हा कोण काढणार? ॲम्बॅसडरवाल्यांनी आणखी एक गोष्ट करावी. त्यांचं हेड ओतीव लोखंडाचं आणि शिसंमिश्रित पेट्रोलच्या काळातलं. देशात शिशाचं पेट्रोल २०००च्या सुरुवातीला बंद झालं. ते शिसं व्हॉल्व्ह सीटवर थर धरून तिला वाचवायचं. हेड उतरलेलंच आहे, तर कडक पोलादाच्या सीटा बसवून घ्या.

चांगला लेथवाला मिळवणं हेच यातलं खरं काम आहे. इंजिन बांधणाऱ्यापेक्षा बोअर मारणाऱ्याच्या हातावर ते किती टिकणार हे ठरतं. त्याच्याकडे जाऊन अर्धा तास बसा. तो बोअर गेजनं वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी, दोन दिशांनी मापं घेत असेल, तर इंजिन देऊन या. नुसतं बोट फिरवून 'चाळीसचा ओव्हरसाइज जाईल' म्हणत असेल, तर चहा पिऊन निघा.

दुसरी पसंती: त्याच घराण्यातलं

ब्लॉकच गेला, तर दुसऱ्या पद्मिनीचं १०८९ शोधा. तेही नाही मिळालं तर लोक १९८५च्या प्रीमियर ११८ एनईकडे वळतात. ही गाडी फियाट १२४वर बेतलेली होती, पण इंजिन निसानचं, ११७१ सीसी. पद्मिनीच्या शेवटच्या एस-वन मॉडेलमध्ये कंपनीनं निसानचा फ्लोअर गिअर दिला होता. त्यामुळे 'निसानचं सामान फियाटमध्ये' हा प्रकार परका नाही. हे इंजिन गोड चालतं आणि टिकतं. मला स्वतःला परक्या इंजिनांपैकी हे एकच पटतं. पण ११८ एनईचे सुटे भाग तरी आज कुठे मुबलक आहेत? एका दुर्मिळ गाडीचं दुखणं दुसऱ्या दुर्मिळ गाडीच्या औषधानं बरं करायचं, असा तो प्रकार आहे.

पद्मिनीची डिझेल आवृत्तीही होती, १३७ डी, इटलीच्या एफएनएमचं १३६६ सीसी इंजिन. कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

ॲम्बॅसडरवाले या बाबतीत नशीबवान. हिंदुस्तान मोटर्सनं १९९२पासून त्याच गाडीत इसुझूचं १८१७ सीसी पेट्रोल इंजिन आणि ५ गिअरचा बॉक्स द्यायला सुरुवात केली. म्हणजे माउंटिंग कुठे यावं, प्रोपेलर शाफ्ट किती लांब असावा, रेडिएटर कोणता पुरतो, ही सगळी डोकेफोड कारखान्यानंच करून ठेवली आहे. तेच इंजिन कॉन्टेसातही होतं, त्यामुळे शोधायला दोन दारं मिळतात. जुन्या १४८९ सीसीच्या पन्नासेक हॉर्सपॉवरपुढे या पंचाहत्तरच्या इंजिनानं गाडी घाटात अगदी वेगळी वाटते. तरी ते बसवणार असाल तर इसुझू मॉडेलचं सगळं सामान घ्या, ब्रेकसुद्धा. नुसतं इंजिन उचलून आणू नका. आणि आरसीवर १४८९ लिहिलंय हे विसरू नका. त्याकडे आपण येतोच आहोत.

परकं इंजिन: कागदावर सोपं

आता ओम्नीवाल्या प्रश्नाकडे. पद्मिनी मागच्या चाकांवर चालते. इंजिन पुढे, लांबीत बसवलेलं, मागे गिअरबॉक्स, तिथून प्रोपेलर शाफ्ट. आजच्या बहुतेक गाड्यांचं इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स बाजूला चिकटलेला. झेन, अल्टो, सँट्रो, स्विफ्ट या सगळ्या इथेच बाद झाल्या. भंगार बाजारात त्या ढिगानं मिळतात म्हणून मोह होतो, पण तुमच्या कामाच्या नाहीत. मागच्या चाकाला ताकद देणाऱ्या छोट्या पेट्रोल गाड्या आपल्याकडे मोजक्याच: ओम्नी (७९६ सीसी), ईको (११९६ सीसी), जिप्सी (१२९८ सीसी).

ओम्नीचं तीन सिलिंडरचं इंजिन पद्मिनीच्या मूळ इंजिनापेक्षाही अशक्त आहे. ते सीटखाली बसावं म्हणून तिरकं कललेलं असतं, त्यामुळे ऑइल चेंबरही तशाच आकाराचं. ते उभं करून बसवायचं तर चेंबर आणि आतला ऑइल ओढणारा पाइप दोन्ही बदलावे लागतात. हा पाइप चुकला की चढावर ऑइल मागे जातं, पाइप उघडा पडतो आणि बेअरिंग कोरडं फिरतं. आवाज ऐकू येईपर्यंत क्रँक गेलेला असतो. एवढा उपद्व्याप करून शेवटी मिळतं काय, तर कमी ताकद.

ईकोचं इंजिन खरंच छान आहे. पण त्याच्याबरोबर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, येतं, सेन्सर येतात, टाकीत बसणारा उच्च दाबाचा पंप येतो आणि मनगटाएवढं जाड वायरिंग येतं. ईकोची गाडी आख्खी विकत घेऊन तिच्या अंगावरून सगळं सोडवून आणणार असाल, तरच हे जमतं. बाजारातून इंजिन एका दुकानातून, ईसीएम दुसऱ्या दुकानातून आणि वायरिंग 'जोडून देतो' म्हणणाऱ्या तिसऱ्याकडून, असं केलेल्या दोन फियाट मला माहीत आहेत. एक अजून ताडपत्रीखाली आहे. दुसरी विकली गेली.

जोडणीचाही विचार करा. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला लावायचं तर मध्ये जाड प्लेट बनवावी लागते. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवेत, तेही केसाएवढ्या फरकाशिवाय. ते चुकलं की गिअरबॉक्स आधी कण्हतो आणि मग मरतो. नव्या इंजिनासोबत त्याचाच गिअरबॉक्स घेतला तर ही कटकट मिटते, पण मग पद्मिनीचा स्टिअरिंगवरचा गिअर जातो, मधला पत्रा कापावा लागतो आणि पुढचं सलग सीटही जातं. त्या सीटवर आम्ही तिघं भावंडं पुढेच बसायचो. ते गेल्यावर त्या गाडीत पद्मिनीचं नक्की काय उरतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत. ८० हॉर्सपॉवरची गाडी चाळीसच्या ब्रेकनं थांबवायची नसते.

जीपवाल्यांनी एक गणित घालून बघावं, मग माझं म्हणणं लगेच पटेल. जुन्या विलीज इंजिनाच्या जागी डिझेल टाकायची आपल्याकडे मोठी रीत आहे. सीजे-३बी जीपचा मागचा रेशो ५.३८, म्हणजे शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. ६.००-१६चं टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर, म्हणजे चाकाच्या सुमारे ४५५ फेऱ्या. गुणिले ५.३८, तर टॉप गिअरमध्ये इंजिनाचे जवळपास २,४५० आरपीएम. ८०ला गेलात की ३,२५०च्या वर. तीन-साडेतीन हजारांनाच दम संपणारं डिझेल इंजिन या गाडीत घातलं, तर तुम्ही महामार्गावर सत्तरला आरडाओरडा ऐकत जाणार. इंजिन चांगलंच आहे, क्राउन-पिनियनशी त्याचं जुळत नाही. हे गणित कोणत्याही गाडीला लागू पडतं. इंजिनाचा बयाणा देण्याआधी मागचा रेशो, टायरचा घेर आणि नव्या इंजिनाचे कमाल आरपीएम एका कागदावर मांडा. पाच मिनिटं लागतात.

आरसी काय म्हणते

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं मूळ जी वैशिष्ट्यं दिली आणि जी आरसीवर नोंदली आहेत, त्यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

याचा अर्थ इंजिन बदलताच येत नाही असा नाही. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं असेल तर वाट मोकळी आहे: आधी आरटीओची मंजुरी घ्यायची, काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवायचं, गाडी दाखवायची आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घ्यायचा. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी न्यायची तर मंजूर किट बसवून तेही करता येतं. विजेचं किट घेणार असाल तर त्याची मान्यता कुणी दिली आहे ते विचारा. पुण्यात कोथरूडची एआरएआय अशा चाचण्या करते. अडचण होते ती पद्मिनीत ईको, ॲम्बॅसडरमध्ये भलतंच डिझेल अशा प्रकारांची. 'आमच्या ओळखीचा एजंट करून देतो' हे वाक्य ऐकलंत की समजा, कागद खोटा असणार.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला जाते, आणि तिथे इंजिन नंबर, चेसिस नंबर पडताळतात. विमा कंपनीही तेच बघते, फक्त अपघात झाल्यावर. आरसीवर एक नंबर आणि गाडीत दुसरा, अशा वेळी दावा फेटाळायला त्यांना निमित्तच मिळतं.

ज्यांची गाडी पन्नाशीच्या पुढे गेली आहे किंवा जाणार आहे, त्यांच्यासाठी तर हा मुद्दा पैशाचा आहे. जुलै २०२१च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकींना विंटेज नोंदणीची सोय दिली. नंबर प्लेटवर 'व्हीए' येतं. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, नूतनीकरण ५,००० रुपये. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, रॅली-प्रदर्शनालाच काढायची. पण मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. १९७५-७६ची पद्मिनी आज हौसेनं ईकोचं इंजिन घालून पळवाल, आणि उद्या ती विंटेज म्हणून नोंदायला जाल तेव्हा तोच पराक्रम आडवा येईल. १९७४ची पहिली पद्मिनी पन्नाशी ओलांडून गेलीसुद्धा.

बाजारात गेलात तर

कुर्ल्याचा भंगार बाजार असो किंवा पुण्यातली नाना पेठ, एक अनुभव सांगून ठेवतो. पंधरा वर्षांपूर्वी मित्राच्या फियाटसाठी आम्ही एक 'रिकंडिशन' इंजिन घेतलं. चंदेरी रंग मारलेलं, नवे प्लग, नवं गॅस्केट कडेनं दिसणारं. दुकानदारानं आईची शपथ घेतली. चारशे किलोमीटरमध्ये बिग एंडनं ठोके द्यायला सुरुवात केली. चेंबर उघडलं तर आतली बेअरिंगं जुनीच, आणि एका बेअरिंगमागे सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी चांदी घडी घालून ठेवलेली! ढिलाई झाकायला. मित्र तो कागद अजून पाकिटात ठेवतो.

तेव्हापासून आमचा नियम: रंग मारलेलं इंजिन घ्यायचं नाही. मळकट, तेलकट, प्रामाणिक इंजिन घ्यायचं. दुकानातच चेंबर उघडायला सांगा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाच्या सायीसारखं काही लागलं असेल तर पाणी ऑइलमध्ये गेलंय. ब्लॉकच्या बाजूंवर वेल्डिंगचा किंवा लांबीचा माग दिसला तर कनेक्टिंग रॉडनं कधीतरी भगदाड पाडलेलं असणार. पुलीला पाना लावून क्रँक हातानं दोन फेऱ्या फिरवा, मग पुलीला धरून पुढेमागे ओढून बघा. स्पष्ट खटखट लागली तर सोडून द्या.

आणि नंबर. नंबरच्या जागी ग्राइंडर फिरल्यासारखा चकचकीतपणा असेल, ठशाचे आकडे एका ओळीत नसतील, तर ते इंजिन कितीही चांगलं असलं तरी तुमचं नाही. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलीस तुमच्या दारी येतील, दुकानदाराच्या नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या आणि ज्या गाडीतून ते निघालं तिच्या आरसीची प्रत मागा. आरटीओत मंजुरीला हेच कागद लागतात.

खर्चाचं विचारलंत तर माझा ठोकताळा असा: इंजिनाला जे सांगितलं जाईल, तेवढेच पुन्हा माउंटिंग, रेडिएटर, क्लच, सायलेन्सर, वायरिंग आणि मजुरीला धरा. परकं इंजिन असेल तर दुप्पट. या हिशेबानं बहुतेक वेळा स्वतःचं इंजिन उत्तम रीतीनं बांधून घेणंच स्वस्त पडतं. आणि फिटरला वेळ द्या. गणपतीत गावी जायचंय म्हणून घाईत बांधलेलं इंजिन दिवाळीत पुन्हा खाली येतं.

शेवटी, सगळं तोलून मापून इंजिन बदलायचंच ठरवलंत, तर एवढं ऐका. जुनं इंजिन उतरवण्याआधी त्याच्या नंबरवर पातळ कागद ठेवून पेन्सिलनं ठसा घ्या आणि तो आरसीच्या पाकिटात ठेवा. उतरवल्यावर भंगारवाला किलोच्या भावानं पैसे मोजेल, देऊ नका. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडा, क्रँक दोनदा फिरवा, भोकं बंद करा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून फळीवर ठेवा. जागा नसेल तर माझ्या पार्किंगच्या कोपऱ्यात एकाची सोय होईल. दोन आधीच आहेत.